माझी खिरापत कोणीच ओळखली नाही

आधी हातातला चहा संपवा. बिस्किट तोंडात असेल तर तेही गिळून टाका, कारण मी जे सांगणार आहे ते खाताखाता ऐकण्यासारखं नाही. नंतर मला बोल लावायचा नाही, सांगून ठेवते! घोळ घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही हे घरच्यांना पहिल्यापासून माहीत आहे. पण या एका घोळानंतर आजही मँचेस्टरमध्ये माझं नाव निघालं की चार मुली हातातलं ताट खाली ठेवतात.

मी प्राजक्ता. मूळची पुण्याची. शिकायला मँचेस्टरला गेले आणि पहिल्याच आठवड्यात 'सख्या'मध्ये सामील झाले. 'सख्या' म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीतल्या, म्हणजे युनिमधल्या, मराठी मुलींचं मंडळ. मीरा नावाची आमची एक मैत्रीण तिथेच जन्मलेली. ती अमेरिकन सिरीयली बघून त्याला सोरॉरिटी म्हणायची. म्हणेना का! आम्ही होतो वीसेक जणी. एकीला ताप आला तर तिघी मुगाची खिचडी घेऊन हजर, आणि तिघींच्या खिचडीत मीठ जास्त. घरापासून इतक्या लांब असं माहेर मिळालं तर आणखी काय पाहिजे?

आणि मग मी शहाणीने युनि बदलली.

झालं असं की पहिल्या वर्षानंतर मला दूर दक्षिणेत, लंडनपलीकडच्या ब्रॅकनेलजवळच्या एका कॉलेजात हवा तो कोर्स मिळाला, शेजारच्या आयटी कंपनीत ट्रेनिंगसकट. बाबा म्हणाले, "सोनं झालं!" सोनं झालं खरं, पण ब्रॅकनेलमध्ये मला ओळखणारं कोण? ऑफिसं, राउंडअबाउट, आणि पुन्हा ऑफिसं. पहिल्या महिन्यात माझ्याशी मराठीत फक्त आई बोलायची, तेही "जेवलीस का" एवढंच.

मग मी काय केलं असेल? मी 'सख्या'ला सोडलंच नाही! मी मँचेस्टरमधून गेले, पण त्यांच्या फोनमधून नाही. सकाळी ग्रुपवर पहिला गुड मॉर्निंग माझा. मीटिंगला व्हिडिओवर मी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला फोनवरून बोलावलं, तर मुलींनी फोनच्या काचेलाच कुंकू लावलं. पुढचा अर्धा तास मला सगळ्या जणी लालभडक दिसत होत्या. भोंडल्यालाही व्हिडिओवरून नाचले. तिकडे फुगडी सुरू झाली, इकडे मी कपाटाची मूठ धरून फुगडी घातली. मूठ हातात आली. घरमालकाला काय सांगितलं ते विचारू नका.

असं वर्ष गेलं. आणि दुसऱ्या वर्षीच्या नवरात्राआधी नवीन अध्यक्षीणबाईंचा मेसेज आला. अध्यक्ष गौरी. ठाण्याची. मुलगी सोन्यासारखी, पण नियम म्हणजे तिचा जीव की प्राण.

"प्राजू, रागावू नकोस. नियम सातप्रमाणे युनि सोडलेली सखी एका वर्षानंतर पाहुणी धरली जाते. या भोंडल्यापासून तुझं नाव पाहुण्यांच्या यादीत टाकतेय."

पाहुणी! तुम्हाला कळतंय का याचा अर्थ? पाहुणीला मत नाही. पाहुणीने ग्रुपवर फक्त वाचायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जेवण झाल्यावर भांडी घासायला उठलं की म्हणतात, "तू बस गं, आम्ही करतो." ज्या घरात आपल्याला भांडी घासू देत नाहीत ते घर आपलं कसलं? मी ब्रॅकनेलच्या त्या खोलीत बसून ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू?

आणि हा नियम सात लिहिला कोणी होता, माहितीये? मीच! पहिल्या वर्षी माझं अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. तेव्हा एक ताई युनि सोडून गेली होती आणि तिकडून येताजाता सूचना करायची. तिला आवर घालायला म्हणून मी हा नियम ठोकून दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी गौरीला फोन लावला. "अगं, पुढचं वाक्य वाच की! त्यात अपवाद आहे."

"वाचलं," गौरी म्हणाली. "'भोंडल्यात जिची खिरापत कोणालाच ओळखता येणार नाही, ती कुठेही गेली तरी कायमची सखी.' प्राजू, आजपर्यंत कोणाची ओळखली नाही असं झालंय का?"

खरंच झालं नव्हतं. भोंडल्याची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि मग प्रत्येकीने आपली खिरापत झाकून आणायची. डबा वाजवून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखेपर्यंत किंवा सगळ्या हरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. जिने आणली तिनेसुद्धा नाही! हा नियम माझा नव्हे, आपल्या आज्यापणज्यांचा आहे. तो मी त्या दिवशी पाळला नसता, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीच नसतं.

"आणते," मी म्हटलं. "अशी खिरापत आणते की तुमच्या सात पिढ्यांना ओळखता येणार नाही!"

हे वाक्य माझं. शब्द न् शब्द माझा. लक्षात ठेवा.

मी ठरवलं, बीटाच्या वड्या करायच्या. बीट, ओलं खोबरं, साखर, वेलची. कोणाच्या डोक्यात येईल बीट? खास त्यासाठी लंडनमधल्या वेम्बलीला गेले, ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून ताजे नारळ आणले. पहिला घाणा करपला. दुसरा इतका पातळ झाला की चमच्याने प्यावा लागला. तिसरा मात्र असा जमला म्हणून सांगू! गुलाबी, खुटखुटीत, एकसारख्या वड्या. आइस्क्रीमच्या पांढऱ्या रिकाम्या टबमध्ये भरल्या आणि फ्रिजमध्ये ठेवल्या.

आता माझ्या फ्लॅटमेटबद्दल सांगायलाच हवं. हॅटी. इंग्लिश मुलगी, स्वभावाने देवमाणूस. पण तिने पाळली होती पाल! हो, पाल! आपल्याकडे पाल दिसली की सगळं घर झाडू घेऊन धावतं, इथे हॅटीने ती दुकानातून विकत आणलेली. अंगावर ठिपके, नाव नायजेल. काचेच्या पेटीत दिवा लावून बसलेला असायचा. मी पेटीवर ओढणी टाकूनच स्वयंपाक करायचे. हॅटीचं फ्रिजमध्ये एक शेल्फ होतं, माझं एक. आणि हॅटीकडेही एक आइस्क्रीमचा पांढरा टब होता.

तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. असू द्या. मी त्या सकाळी हुशार नव्हते. सात वाजताची ट्रेन, साडेसहाला जाग. साडी नेसताना निऱ्या तीनदा सुटल्या. धावत फ्रिज उघडला, पांढरा टब उचलला, कोणी डोकावू नये म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, वरून निळ्या ओढणीत गाठोडं बांधलं आणि पळाले. हॅटीने आदल्या दिवशी फ्रिज पुसताना शेल्फं खालीवर केली होती, हे मला कोण सांगणार?

ब्रॅकनेलहून लंडन, लंडनहून मँचेस्टर, तिथून ट्राम. सगळा प्रवास मी तो टब मांडीवर धरून केला. जरासुद्धा हलू दिला नाही. वड्या तुटतील ना! आणि खिडकीखालच्या हीटरची छान ऊब येत होती, तिथेच टेकवून बसले. केवढी काळजी! समोरच्या बाई म्हणाल्या, "समथिंग प्रेशस?" मी म्हटलं, "माय होल फ्यूचर."

हॉलवर पोचले तर काय ते स्वागत! मुली धावत आल्या, गळ्यात पडल्या, मीरा तर उड्याच मारायला लागली. पाट नव्हता म्हणून पिझ्झाच्या खोक्यावर हत्ती काढलेला. सुलभाकाकू खुर्चीत बसलेल्या. काकू म्हणजे आमच्या मंडळाचा आधार. चाळीस वर्षं मँचेस्टरच्या हॉस्पिटलांत नर्स होत्या, आता निवृत्त. खिरापतीच्या पंच त्याच.

"आलीस का गं बाळ?" काकू म्हणाल्या. "वाळलीस."

मी पाया पडले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इथे मी पाहुणी? शक्य नाही.

फेर झाला, गाणी झाली, सगळ्यांचे घसे बसले. मग खिरापती सुरू. गौरीची वाटली डाळ पहिल्याच फटक्यात ओळखली. मीराने कस्टर्ड क्रीम बिस्किटं आणली होती, तीही पाकिटासकट, त्यामुळे डबा वाजवायच्या आधीच ओळखली. आणि मग माझी पाळी आली.

मी ऐटीत उठले. पदर खोचला. गाठोडं सोडलं, चिकटपट्टी लावलेला टब सगळ्यांना दाखवला आणि कानाजवळ नेऊन वाजवला.

वड्या कशा वाजतात? ठक, ठक. बरोबर? माझा टब वाजला खसखस, खसखस.

भुगा! दोन दिवस राबून केलेल्या वड्यांचा भुगा झाला! पण उघडून बघायची सोय नाही. मग मनात विचार आला, प्राजू, उलट बरंच झालं की! वड्यांचा आवाज ओळखला असता कोणीतरी. भुग्याचा कोण ओळखणार? मी चेहऱ्यावरचं हसू हलू दिलं नाही.

"लाह्या!"

"नाही."

"शेव! चिवडा! कुरमुरे!"

"नाही, नाही, नाही!"

मग गौरीने प्रश्न सुरू केले. आता हे प्रश्न आणि माझी उत्तरं नीट ऐका.

"गोड की तिखट?"

"गोड!"

"तळलंय का?"

"छे! अगदी हलकं. पचायला सोपं."

"उपासाला चालेल?"

"डोळे झाकून खा!"

"व्हीगन आहे?" ही मीरा.

"शंभर टक्के."

"विकतचं नाही ना?"

"विकतचं? अगं, माझ्या हातचं आहे! पोटच्या पोरासारखं जपून आणलंय."

टब हातोहात फिरायला लागला. जी ती हलवून बघतेय, नाकाला लावतेय. एक म्हणाली, ओट्ससारखा वास येतोय. दुसरी म्हणाली, कणकेचा. मला जरा नवल वाटलं, बीट आणि कणीक? पण मी म्हटलं, गोंधळू द्या त्यांना.

मग टब मीराकडे आला. तिने तो कानाला लावला आणि तशीच थांबली.

"प्राजूताई, हा खिरापत हलतो."

"*ही* खिरापत, मीरा. ही! आणि हलत नाहीये, तू हलवतेयस."

"मी नाही हलवते. आत तो चालतो."

"तो नाही गं, ती! किती वेळा सांगितलं तुला, खिरापत स्त्रीलिंगी!"

बघितलंत? एवढ्या सगळ्या मुलींत खरं बोलणारी एकच, आणि मी तिला व्याकरण शिकवत होते! मीराने टब पुढे दिला आणि हात स्कर्टला पुसले. माझ्या पर्समध्ये फोन सारखा घुरघुरत होता. हॅटीचे सात कॉल. मी म्हटलं, हिला आत्ताच काय सुचतंय?

शेवटी गौरी थकली. "हरलो बाई."

"मोठ्याने!"

"हरलो!" अख्खा हॉल ओरडला.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! मी जिंकले होते! कायमची सखी! मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही बघाच," आणि कात्रीने टराटरा चिकटपट्टी कापली. नुसतं झाकण उघडलं असतं तरी चाललं असतं हो. पण माझ्या अंगात आलं होतं. मी हॉलच्या मधोमध चांदीच्या रंगाचं मोठं तबक ठेवलं, मान वर करून सगळ्यांकडे बघितलं आणि टब एका झटक्यात तबकात पालथा केला.

"घ्या!" मी म्हटलं. "लाजू नका, भरपूर आहे!"

कोणी घेईना. मी आपली त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतेय, म्हटलं, भारावल्या वाटतं. मग खाली बघितलं.

अळ्या! बोटाच्या पेराएवढ्या, पिवळसर, शेकड्याने! कोंड्यात लोळत होत्या, तबकाच्या कडेवरून उतरत होत्या. नायजेलचं महिन्याचं जेवण! हॅटीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ते फ्रिजमध्ये असतं, थंडीत त्या झोपून राहतात. ऊब मिळाली की उठतात. आणि मी त्यांना मँचेस्टरपर्यंत हीटरला टेकवून आणलं होतं!

पुढचं काय सांगू? असा आरडाओरडा झाला की विचारू नका. गौरी टेबलावर. तीन मुली एकाच खुर्चीवर. कोणी दाराकडे, कोणी दारातून परत चपला घ्यायला. एक नवीन मुलगी, नागपूरची, पहिलाच भोंडला होता तिचा, ती भिंतीला चिकटून म्हणत होती, "मी डोळे झाकून हात घालणारच होती ना बे!" एक अळी हत्तीच्या सोंडेवर चढली होती.

सुलभाकाकू तेवढ्या शांत. "किंचाळू नका गं, चावत नाहीत त्या," म्हणाल्या. "वॉर्डात मी याहून वाईट बघितलंय." आणि उठून केरभरणीने अळ्या परत टबमध्ये भरायला लागल्या.

मी जमिनीवरच बसले. फोन उघडला. हॅटीचा मेसेज होता, तो मी रडत रडत मोठ्याने वाचला: "नायजेलचं जेवण तुझ्याकडे गेलंय का? तुझा टब इथेच आहे. ते गुलाबी फज फारच छान झालंय, मी सहा खाल्ले. नायजेलला आवडलं नाही."

"मला माफ करा," मी हुंदके देत म्हटलं. "मला फक्त तुमच्यातलीच होऊन राहायचं होतं. तिकडे माझं कोणी नाही गं. आणि मी हे काय आणून ठेवलं? टाका माझं नाव पाहुण्यांत. तुम्हाला भेटायला यायला मला आता तोंडच उरलं नाही."

काकूंनी टबचं झाकण लावलं आणि टेबलाकडे बघितलं. "गौरी, ती वही काढ."

गौरीने टेबलावरूनच पर्समधून नियमांची वही काढली.

"काय लिहिलंय?"

"'जिची खिरापत कोणालाच ओळखता येणार नाही...'"

"ओळखली का कोणी?"

"काकू! पण ती खायची असायला नको का?"

"तसं लिहिलंय?"

गौरीने पान उलटलं, परत मागे आली, परत उलटलं. "नाही लिहिलेलं."

"आणि खायचाच आहे ना तो," मीरा म्हणाली. "नायजेलला विचार."

तिथे पहिली हसली ती गौरी. टेबलावर उभी राहून, पोट धरून! मग सगळ्याच फुटल्या. नागपूरची ती मुलगी भिंतीवरून घसरत खाली बसली हसत हसत. मीही रडता रडता हसायला लागले, नाक वाहतंय, काजळ गालावर आलंय. गौरीने तिथल्या तिथे वहीत माझं नाव लिहिलं: कायमची सखी. काकूंनी पंच म्हणून खाली सही केली. त्या रात्री जेवल्यावर भांडी मीच घासली. सगळी! एकीनेही "तू बस" म्हटलं नाही. तबक मात्र मला तीनदा घासायला लावलं.

तेव्हापासून मी दर वर्षी भोंडल्याला जाते. दारात गौरी उभी असते. नव्या मुली, काकू, बाहेरून आलेल्या पाहुण्या, सगळ्यांना हसत आत सोडते. मी आले की माझी पिशवी हातातून काढून घेते, तिथेच उघडते, प्रत्येक डब्याचं झाकण काढून आत बोट घालून बघते, मगच मला आत घेते. मला जराही वाईट वाटत नाही हं. पाहुण्यांच्या पिशव्या अशा कोणी तपासतं का?